हार सगळ्यांची, खापर एकाच्या माथी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे चाहते आपल्या संघाचे विजय अभिमानाने सांगतात, पण पराभव सांगताना ते अधिक तपशिलात शिरतात. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या जुन्या चाहत्यापुढे मायामीचे नाव काढावे, की १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे गोलखांबांच्या उजवीकडून बाहेर गेलेले चेंडू त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि २००० सालीही नेमके तेच घडले हे तो न विचारता सांगतो. मिशिगनच्या चाहत्याला २०१५ सालच्या एका सामन्यातले शेवटचे दहा सेकंद तोंडपाठ आहेत. नेब्रास्कात १९८४च्या जानेवारीतील एका रात्रीविषयी अशी माणसेही तळमळीने बोलतात, ज्यांचा जन्म त्या रात्रीनंतर झाला. नवा हंगाम तोंडावर आला की वाहिन्याही हीच चित्रे पुन्हा दाखवू लागतात, आणि जखमेवरची खपली दरवर्षी नव्याने निघते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे दुःख उगाळणे वाटते. गेलेला सामना परत येत नाही, मग त्यात इतके अडकून का राहावे, असा त्याचा रास्त प्रश्न असतो. माझे मत असे की पराभवाची सामूहिक आठवण ही क्रीडासंस्कृतीतील फार मोलाची गोष्ट आहे आणि ती जपलीच पाहिजे. मात्र आज ती ज्या रीतीने जपली जाते, त्या रीतीत एक अन्याय मुरलेला आहे. साठ मिनिटांचा सामना अनेक खेळाडूंनी, प्रशिक्षकांनी आणि कित्येक निर्णयांनी मिळून हरलेला असतो, आणि आठवणीत मात्र तो एकोणीस-वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने एका क्षणात घालवलेला उरतो. दुःख साऱ्या राज्याचे म्हणून सांगायचे आणि खापर एकट्याच्या डोक्यावर फोडायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने करता येत नाही, आणि ज्यांचे या खेळावर खरोखर प्रेम आहे त्यांनी तरी ते करू नये.

हे पराभव इतके खोल का रुजतात, याची कारणे खेळाच्या रचनेत आहेत. कॉलेज फुटबॉलच्या नियमित हंगामात एका संघाला जेमतेम बारा सामने मिळतात. कित्येक दशके राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरतच नव्हता. पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्या मतदानातून तो ठरत असे. १९९८च्या हंगामापासून अव्वल दोन संघांचा अंतिम सामना नियमाने होऊ लागला, २०१४पासून चार संघांची आणि २०२४पासून बारा संघांची बाद फेरी आली. त्याआधी नोव्हेंबरमधील एका पराभवाने साऱ्या वर्षावर पाणी पडत असे, आणि पुढच्या वर्षी भरपाई करू म्हणावे तर खेळाडूच बदललेले असत, कारण विद्यार्थ्याला खेळायला साधारण चारच हंगाम मिळतात. शिवाय नेब्रास्का किंवा अ‍ॅलाबामा या राज्यांत राष्ट्रीय व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. विद्यापीठाचा संघ हाच तेथे राज्याचा संघ. लिंकन येथील नेब्रास्काच्या मैदानाची सर्व तिकिटे १९६२पासून दर सामन्याला संपत आली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी तेथे जमणारी गर्दी ओमाहा आणि लिंकन वगळता राज्यातील कोणत्याही शहराच्या लोकसंख्येहून मोठी असते. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींनाही पहिल्याच सत्रात हा अनुभव येतो, की शनिवारी विद्यापीठाच्या गावात दुसरा विषय नसतो. खेळाडू चार वर्षांत निघून जातात, प्रशिक्षक अधिक पगारावर दुसरीकडे जातात. मागे राहतो तो चाहता, आणि पराभवाची आठवण सांभाळण्याचे काम आपसूक त्याच्याकडे येते.

ही आठवण चांगल्या रीतीने कशी सांभाळता येते, याचे उदाहरण नेब्रास्कानेच दिले आहे. २ जानेवारी १९८४ रोजी, ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यासाठी, हा संघ हंगामात एकही सामना न हरता आणि पहिल्या क्रमांकावर राहून मायामीत पोचला होता. समोर मायामी विद्यापीठ, तेही स्वतःच्या शहरात. चौथ्या सत्रात मायामी ३१–१७ असे पुढे होते. नेब्रास्काने एक टचडाउन केले, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेला, आणि ४८ सेकंद उरले असताना जेफ स्मिथने दुसरे केले. गुणफलक ३१–३० झाला. टचडाउननंतर संघापुढे दोन वाटा असतात : चेंडू खांबांमधून मारून एक गुण घ्यायचा, किंवा अवघ्या तीन यार्डांवरून पुन्हा एकदा रेषा ओलांडण्याचा प्रयत्न करून दोन गुण घ्यायचे. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये अतिरिक्त वेळ नव्हता. एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि अपराजित नेब्रास्काला मतदानात विजेतेपद मिळणे जवळजवळ ठरलेले होते. प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांनी दोन गुणांसाठी खेळायचे ठरवले. टर्नर गिलने स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केनी कॅलहूनची बोटे त्याला लागली, आणि चेंडू निसटला.

ऑसबोर्न यांनी पुढे १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि निवृत्तीनंतर नेब्रास्काच्या मतदारांनी त्यांना अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तीनदा पाठवले. तरीही त्यांचे नाव निघाले की त्या हुकलेल्या दोन गुणांची गोष्ट निघते, आणि ती आदराने निघते. विजेतेपद बरोबरीने पदरात पाडून घेण्यापेक्षा सामना जिंकायला जावे, असे ठरवणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे. ती सांगताना स्मिथच्या हातांचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. पराभवाच्या केंद्रस्थानी एक निर्णय आहे, त्या निर्णयाची जबाबदारी घेणारा प्रौढ माणूस आहे, आणि तो निर्णय आपलाही होता असे मानणारे राज्य आहे. म्हणूनच ही आठवण चाळीस वर्षे पुरली, आणि ती ऐकून वाढलेल्या मुलांना आपला संघ कसा खेळावा याची एक कल्पना मिळाली.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे महत्त्वाचा आहे, आणि तो कॉलेज फुटबॉलवरच झालेला होता. सात विद्यापीठांत त्यांनी सामन्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थ्यांचे कपडे पाहिले. संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे अधिक विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसत. विद्यार्थ्यांना सामन्याविषयी विचारले, तेव्हा विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ असे म्हणण्याकडे कल दिसला, आणि पराभवाबद्दल बोलताना ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे. विजयात वाटेकरी व्हायला सारे धावतात आणि पराभवाचा वाटा परस्पर दुसऱ्याच्या नावावर टाकतात, हा मनुष्यस्वभाव आहे. त्या पार्श्वभूमीवर तीस वर्षांपूर्वीच्या सामन्याबद्दल ‘आपण हरलो’ असे म्हणणारा चाहता काहीतरी दुर्मीळ आणि प्रामाणिक करत असतो. तो नफ्यातला भागीदार तर असतोच, तोट्याच्या कागदावरही त्याने सही केलेली असते. पराभव पुन्हा पुन्हा जगण्याचे समर्थन मी करतो ते यामुळे. पण मग ‘आपण हरलो’ या वाक्याशी इमानही राखावे लागते. ‘त्याने आपल्याला हरवले’ असे म्हटले की सही खोडली जाते.

आपली हार वेगळ्या रीतीने सांगणारेही आहेत. १९८२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने स्टॅनफर्डला शेवटच्या क्षणी, चेंडू पाच वेळा मागे-मागे देत आणि वेळेआधीच मैदानात शिरलेल्या स्टॅनफर्डच्या वाद्यवृंदातून वाट काढत, २५–२० असे हरवले. या दोन विद्यापीठांतील फिरत्या करंडकावर, म्हणजे कुऱ्हाडीचे पाते बसवलेल्या एका फलकावर, निकाल लिहिलेले असतात. ती कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे आली की त्या वर्षीचा निकाल बदलून २०–१९ असा, स्टॅनफर्डच्या बाजूने, लावला जातो. हा हट्ट मला निरागस वाटतो, कारण त्यात कोणा खेळाडूचा बळी जात नाही. राग आहे तो पंचांवर आणि नियतीवर. येलच्या खेळाडूंनी १९६८ साली हार्वर्डशी २९–२९ अशी बरोबरी केली, पण शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण गमावून आलेली ती बरोबरी त्यांना पराभवाहून जड गेली. तीही सगळ्या संघाने मिळून वाहिली.

आता बॉयसी स्टेटकडे वळू, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे नीट दिसतो. आयडाहो राज्यातील हे विद्यापीठ मोठ्या विद्यापीठ-गटांबाहेरचे होते, आणि २०१०च्या हंगामात सलग २४ सामने जिंकून, देशात चौथ्या क्रमांकावर राहून, ते २६ नोव्हेंबरला नेव्हाडाशी खेळायला रीनोला गेले. मध्यंतराला बॉयसी २४–७ असे पुढे होते. दुसऱ्या अर्धात कॉलिन कॅपर्निकच्या नेव्हाडाने ती आघाडी कुरतडत आणली आणि १३ सेकंद उरले असताना ३१–३१ अशी बरोबरी साधली. मग बॉयसीच्या केलन मूरने टायटस यंगकडे एक विलक्षण लांब पास फेकला आणि संघ गोलरेषेच्या अगदी जवळ पोचला. काइल ब्रॉट्झमनला २६ यार्डांवरून एक किक मारायची होती. ती उजवीकडून बाहेर गेली. अतिरिक्त वेळेत २९ यार्डांवरूनही तो चुकला, नेव्हाडाच्या किकरने आपली किक साधली, आणि बॉयसी ३४–३१ असे हरले. मोठ्या बाउलचे स्वप्न गेले आणि संघाला लास वेगासच्या लहान बाउलवर समाधान मानावे लागले.

त्यानंतर ब्रॉट्झमनला धमक्यांचे आणि शिवीगाळीचे संदेश आले. त्याच्या पाठीशी उभे राहणारेही बरेच निघाले, हे सांगायला हवे. पण या पराभवाची गोष्ट आजही त्या दोन किकांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. सतरा गुणांची आघाडी कशी विरली, कॅपर्निकला धावण्यापासून थोपवता का आले नाही, शेवटच्या मिनिटात बचाव का ढासळला, हे प्रश्न त्या गोष्टीत येत नाहीत. याच ब्रॉट्झमनने त्याच वर्षी ४ जानेवारीला काय केले होते, तेही येत नाही. फिएस्टा बाउलमध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाशी १०–१० अशी बरोबरी असताना, चौथ्या सत्रात, बॉयसी स्वतःच्या अर्धात अडकले होते आणि चेंडू लाथेने दूर मारण्याखेरीज पर्याय दिसत नव्हता. ब्रॉट्झमनने तो मारण्याचा बहाणा केला आणि चक्क पास दिला. एका किकरने फेकलेला तो २९ यार्डांचा पास साधला, त्यातून निर्णायक टचडाउन आले, आणि बॉयसीने तो सामना १७–१० असा जिंकून अपराजित हंगाम पूर्ण केला. ज्या मुलाच्या एका धाडसाने इतके मोठे यश मिळाले, त्याची ओळख दोन हुकलेल्या चेंडूंवर ठरावी, ही स्मरणशक्तीची कृतघ्नता आहे.

त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर २०१० रोजीच, देशाच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅलाबामाने ऑबर्नविरुद्ध २४–० अशी आघाडी घालवून २८–२७ असा पराभव पत्करला. पुढे जानेवारीत एका माणसाने नभोवाणीच्या कार्यक्रमात फोन करून सांगितले, की ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरील ओकच्या झाडांना आपण विष घातले आहे. ऑबर्नचे लोक प्रत्येक विजयानंतर ज्या झाडांवर कागदी फिती उधळत, तीच ती जुनी झाडे. तो अ‍ॅलाबामाचा चाहता होता, त्याने गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली, आणि ती झाडे २०१३ साली तोडावी लागली. आठवण सडली की ती कोठवर जाते, याचा हा टोकाचा दाखला. असे करणारा एखादाच असतो हे मान्य. पण एखाद्या विद्यार्थ्याला मरणाच्या धमक्या लिहिणारे एखाददुसरे नसतात, आणि दोघांच्या मुळाशी वृत्ती एकच आहे : माझे दुःख कोणीतरी भरून दिले पाहिजे.

३० नोव्हेंबर २०१३ चा ऑबर्न–अ‍ॅलाबामा सामना तर सगळ्यांनाच माहीत आहे. २८–२८ अशी बरोबरी, आणि प्रशिक्षक निक सेबन यांच्या मागणीवरून घड्याळात परत घातलेला एक सेकंद. अ‍ॅडम ग्रिफिथने ५७ यार्डांवरून मारलेली किक तोकडी पडली, ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने ती आपल्या गोलरेषेमागे झेलली आणि मैदानाची पुरी लांबी धावत जाऊन सामना ३४–२८ असा जिंकून दिला. सलग तिसऱ्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या वाटेवर असलेले, पहिल्या क्रमांकाचे अ‍ॅलाबामा तेथेच थांबले. धमक्या आल्या त्या दुसऱ्या किकरला, केड फॉस्टरला, कारण त्याआधी त्याच्या तीन किक वाया गेल्या होत्या, त्यांतली एक तर प्रतिस्पर्ध्यांनी अडवलेली होती. ती शेवटची किक त्याने मारलीच नव्हती. चौथ्या सत्रात ऑबर्नच्या १३ यार्डांवर, सात गुणांची आघाडी असताना, सेबन यांनी खांबांमधून किक मारून तीन गुणांचा फील्ड गोल न घेता एका यार्डासाठी धाव घ्यायला लावली आणि ती फसली, हे विसरले गेले. शेवटच्या सेकंदाला अ‍ॅलाबामाच्या बाजूने मैदानात होते ते मुख्यतः अवजड, मंद पायांचे खेळाडू, आणि तोकड्या किकचा परतीचा धोका कोणी पुरेसा विचारात घेतला नव्हता, हेही मागे पडले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी फॉस्टरला स्वतःच्या हस्ताक्षरात धीराचे पत्र पाठवले. देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला एका विद्यार्थ्याचे सांत्वन करावेसे वाटावे, यावरून त्या मुलावर काय गुदरले असेल याची कल्पना येते.

दोन वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०१५ रोजी, मिशिगनचा ब्लेक ओनील हा ऑस्ट्रेलियातून आलेला खेळाडू त्याच जागी उभा होता. मिशिगन २३–२१ असे पुढे, दहा सेकंद बाकी, आणि चेंडू दूर मारला की सामना संपल्यात जमा. मागे आलेला चेंडू खाली राहिला, ओनीलच्या हातून सुटला, आणि मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने तो घेऊन टचडाउन केले : २७–२३. लाखाहून अधिक प्रेक्षक जागच्या जागी थिजले. याच सामन्यात ओनीलने आधी तब्बल ८० यार्डांची किक मारली होती. रात्रभरात त्याच्यावर शिव्यांचा आणि मृत्यूच्या इच्छांचा वर्षाव झाला, तेव्हा विद्यापीठाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर पत्र लिहून आपल्याच चाहत्यांची कानउघाडणी केली. विद्यापीठाने काय करायला हवे, याचे हे ठोस उदाहरण आहे. संस्था गप्प बसली की तो विद्यार्थी एकटा पडतो.

भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियाँदाद यांनी चेतन शर्मा यांना षटकार मारला. शर्मा तेव्हा वीस वर्षांचे होते. त्यांनी त्या सामन्यात तीन बळी घेतले होते, आणि दीड वर्षात, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या मैदानावर, विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक त्यांनीच घेतली. आपल्याकडे घरोघरी आठवला जातो तो मात्र शारजाचा चेंडू, नागपूरचे तीन चेंडू नव्हेत. ऑबर्नहून टस्कलूसाला, अ‍ॅलाबामा विद्यापीठाच्या गावी, परतलेल्या केड फॉस्टरला जे सोसावे लागले, ते समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल, की चूक ती चूक. २६ यार्डांची किक मारता यायलाच हवी, आणि खेळात उत्तरदायित्व नको काय? उत्तरदायित्व हवेच, फक्त ते जेथे असते तेथे मागावे. २०१३ साली सेबन यांना वर्षाला पन्नास लाख डॉलरांहून अधिक मिळत होते. त्यांच्या निर्णयांची चिरफाड चाहत्यांनी जन्मभर करावी, त्यात मला काहीही गैर वाटत नाही. पंच आणि संयोजक यांचेही तसेच. ६ ऑक्टोबर १९९० रोजी मिसूरीविरुद्ध कोलोरॅडोला पंचांच्या मोजणीतील चुकीने चारऐवजी पाच डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे प्रयत्न, मिळाले, त्या पाचव्या डाउनवर त्यांनी टचडाउन केले आणि सामना ३३–३१ असा जिंकला. पंच निलंबित झाले, निकाल तसाच राहिला, आणि कोलोरॅडो त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाचे वाटेकरी ठरले. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १९४० साली, कॉर्नेलनेही डार्टमथविरुद्ध असाच पाचव्या डाउनवर विजय मिळवला होता. चित्रफीत पाहून खात्री पटल्यावर त्यांनी तो विजय परत केला. मिसूरीचे लोक आपला पराभव आजही विसरायला तयार नाहीत ते योग्यच आहे. ती एका अन्यायाची नोंद आहे, आणि चाहत्यांनी ती ठेवली नसती तर दुसऱ्या कोणी ठेवली असती असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेता येतो, आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. आता ते व्यावसायिक झाले, तेव्हा टीका सोसायला हवी, असे म्हटले जाते. खेळाडूंना हा पैसा मिळाला हे फार उशिरा का होईना न्याय्यच झाले, असे मी मानतो, कारण त्यांच्या खेळावर वाहिन्या आणि विद्यापीठे दशकानुदशके श्रीमंत होत आली. पण पगार खेळाचा असतो. त्यात धमकी सोसण्याचा भत्ता धरलेला नसतो. ज्या किकरला फारसा मोबदला मिळतही नाही, तोही त्याच झोतात सापडतो. त्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर राज्याराज्यांतून सट्टा कायदेशीर झाला, आणि आता तर पराभवाचे दुःख नसलेले, केवळ पैसे बुडाले म्हणून चिडलेले लोकही त्या विद्यार्थ्यापर्यंत फोनवरून पोचतात. एकेका विद्यार्थी-खेळाडूच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजा बंद व्हाव्यात, या राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या अध्यक्षांच्या मागणीला चाहत्यांनी मनापासून पाठिंबा द्यायला हवा.

आठवण आपोआप न्याय करत नाही, हे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १९५१ साली डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या एका हाणामारीच्या सामन्याची तीच चित्रफीत दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवली गेली, आणि डार्टमथने केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या विद्यार्थ्यांच्या दुपटीहून अधिक दिसले. अख्खा सामना समोर असतानाही डोळे असे पक्षपाती राहत असतील, तर आठ सेकंदांच्या तुकड्यावर वाढलेली आठवण किती न्यायी असेल? वाहिन्यांनी दरवर्षी तोच तुकडा दाखवायचा, हुकलेल्या चेंडूनंतर कॅमेरा त्या मुलाच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवायचा, आणि मग समाजात विष पसरले म्हणून हळहळायचे, हे थांबले पाहिजे. शेवटचा क्षण दाखवायचा असेल तर त्याआधी हातची गेलेली संधी आणि प्रशिक्षकाने घेतलेला निर्णयही दाखवावा. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. घरातही ज्येष्ठ मंडळी मुलांना या गोष्टी सांगतात तेव्हा त्यांनी सामना पहिल्या सत्रापासून सांगावा. तशी गोष्ट लांबते, पण अधिक रंगते, कारण तीत चुकांबरोबर पराक्रमही येतात.

बाद फेरी बारा संघांची झाल्यामुळे हा प्रश्न हलका होईल, अशी आशा काहींना वाटते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेट स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३–१० असे हरले, आणि त्यात किकर जेडन फील्डिंगच्या दोन किक हुकल्या. जुन्या व्यवस्थेत वर्ष तेथेच बुडाले असते. नव्या व्यवस्थेत ओहायो स्टेटने २० जानेवारी २०२५ रोजी नोटर डेमला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात विजयावर शिक्कामोर्तब करणारी किक फील्डिंगनेच मारली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले, याचा मला आनंदच आहे. पण ब्रॉट्झमनच्या वेळी अशी बाद फेरी नव्हती, आणि पुढेही बहुतेक किकरांना अशी दुसरी संधी मिळणार नाही. जानेवारीतील ती किक हुकली असती तरी ओहायो स्टेट आठ गुणांनी पुढेच राहिले असते. तेव्हा ती किक फील्डिंगच्या निर्दोषपणाचा पुरावा नाही, आणि नोव्हेंबरमधील दोन किक त्या पराभवाचे पुरेसे कारण नाहीत. त्या दिवशी ओहायो स्टेटच्या आक्रमणाला घरच्या प्रेक्षकांसमोर चार सत्रांत मिळून दहाच गुण करता आले, आणि मिशिगनचा विषय निघाल्यावर ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात वाद घालायचा असेल तर तो यावर घातला पाहिजे.